वाचकांचे प्रश्न: चार वर्षांचं मूल आणि शेजारी बसलेला चाळिशीतला प्रेक्षक

मुलांच्या शैक्षणिक मालिकांवर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना ही उत्तरं. लांबलचक पत्रं प्रश्नापुरती कापली आहेत.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. शैक्षणिक म्हणून नावाजलेली मालिका रोज बघतो. नंतर विचारलं तर विनोद आणि पळापळ सगळी सांगतो, पण त्या भागात जे शिकवलं त्याचा पत्ताच नसतो. मग हे शैक्षणिक कसलं? – एक आई

दोष बहुधा मुलाचा नाही, पटकथेचा आहे. शॅलोम फिश या संशोधकाने २००० साली याची नेमकी मांडणी केली. मुलाची एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. तेवढ्यात त्याला दोन कामं करायची असतात, गोष्ट समजून घेणं आणि धडा समजून घेणं. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी जात असतील तर जागेसाठी भांडण लागतं आणि गोष्ट जिंकते. धडाच गोष्टीचा कणा असेल तर गोष्ट समजताना धडाही समजतो.

उदाहरण घ्या. एक पात्र चोराच्या मागे धावतंय. मध्येच थांबून ते प्रेक्षकाला विचारतं, ‘पाच आणि तीन किती?’ आणि पुन्हा धावतं. ही बेरीज काढून टाकली तरी पाठलाग जसाच्या तसा राहतो. आता उलट करा. चोर दर तिसऱ्या दारामागे लपतो हे पात्राच्या लक्षात आलं, तरच तो सापडणार आहे. इथे आकृतिबंध ओळखल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. घरी करायची परीक्षा सोपी आहे. भाग संपल्यावर मुलाला फक्त ‘काय झालं ते सांग’ म्हणा. धड्याचा उल्लेख न करता त्याला सगळी गोष्ट नीट सांगता आली, तर तो धडा वरून चिकटवलेला होता.

मूल्यशिक्षणात तर आणखी एक घोळ होतो. ‘क्लिफर्ड द बिग रेड डॉग’ मालिकेत तीन पायांच्या एका कुत्र्याचा भाग आहे. आधी सगळे त्याच्यापासून दूर राहतात, मग त्याला आपलंसं करतात. अपंगत्व असलेल्या कुणालाही वगळू नये, हा हेतू. मरी-लुईस मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा भाग बालवाडीच्या वयाच्या मुलांना दाखवला. धडा माणसांना लागू होतो हे बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचा निष्कर्ष कुत्र्यांपुरताच होता. शिवाय अशा भागांत वाईट वागणं बराच वेळ चालतं आणि सुधारणा शेवटच्या मिनिटात उरकली जाते. लहान मूल जे जास्त वेळ पाहतं ते उचलतं. तेव्हा असा भाग संपला की एकच वाक्य जोडा: ‘आपल्या वर्गात असं कुणाला वाटत असेल?’ उपदेश नको, माणसाशी नातं जोडून देणारा प्रश्न पुरे.

आणि एकदा बघून निकाल देऊ नका. ‘ब्लूज क्लूज’ ही प्रेक्षक मुलांना कोडी सोडवायला लावणारी मालिका १९९६ मध्ये निकलोडियन या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाच दिवस दाखवायचे. मोठ्यांना वेड लागायची पाळी, पण संशोधनात दिसलं ते वेगळंच. मुलांचं लक्ष पुन्हा पुन्हा बघूनही फारसं ढळलं नाही आणि पडद्याला उत्तर देणं दिवसागणिक वाढलं. पहिल्या दिवशी मूल गोष्ट समजून घेतं, नंतर कोड्याला हात घालतं. याहून जुना दाखला ‘सेसमी स्ट्रीट’ या, एका गल्लीत घडणाऱ्या बाहुल्या आणि माणसांच्या अमेरिकी मालिकेचा आहे. अभिनेते जेम्स अर्ल जोन्स संथपणे, प्रत्येक अक्षराआधी थांबून वर्णमाला म्हणायचे. पहिल्यांदा बघताना मुलं त्यांच्यामागून अक्षर म्हणायची, पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर, आणि आणखी काही वेळा पाहिल्यावर त्यांच्या आधी. तोच भाग पुन्हा मागणाऱ्या मुलाला ‘हा झालाय ना बघून’ असं म्हणू नका.

पण या मालिकांनी मुलं खरंच शिकतात, याला काही पुरावा? – एक निवृत्त शिक्षक

आहे, पण जाहिरातीत सांगतात तितका सरळ नाही. ‘सेसमी स्ट्रीट’चं मूल्यमापन एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने पहिल्याच वर्षी केलं. जास्त बघणारी मुलं अक्षरं-आकड्यांत पुढे होती. १९७५ मध्ये टॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून हरकत घेतली की बराचसा फायदा संशोधकांनी घरी जाऊन मालिका बघायला उत्तेजन दिलेल्या मुलांचा आहे, आणि सुस्थित-वंचित मुलांतली दरी मालिकेमुळे कमी झाली असं म्हणता येत नाही. हरकत रास्त होती.

नंतर मेलिसा कार्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी हुशार वाट काढली. सुरुवातीच्या काळात अनेक अमेरिकी शहरांत ही मालिका यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेच्या लहरींवर चालणाऱ्या वाहिनीवर होती. त्या लहरी नीट पकडता यायच्या नाहीत, त्यामुळे सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्येपर्यंतच मालिका पोहोचत होती. म्हणजे कोण बघणार हे काही अंशी प्रक्षेपण मनोऱ्याचं अंतर ठरवत होतं, पालकांची हौस नव्हे. जिथे प्रक्षेपण चांगलं पोहोचत होतं तिथली मुलं वयानुसार योग्य इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. मोठेपणीच्या कमाईवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. आमच्या मते मालिकेकडून एवढी अपेक्षा ठेवावी: शाळेच्या उंबरठ्यापर्यंत ती नेते, पुढचं काम शाळेचं.

लहानपणी ‘सेसमी स्ट्रीट’ पाहिलेला मी एक. आता मुलीबरोबर नवे भाग बघतो तर मालिका तासावरून अर्ध्या तासावर आलीय, जिकडेतिकडे एल्मो ही बाहुली, आणि बिस्किटांवर तुटून पडणाऱ्या कुकी मॉन्स्टरला म्हणे भाज्या खायला लावतात. जुन्या प्रेक्षकांना काही किंमतच नाही का? – एक जुना प्रेक्षक

तीन तक्रारी आहेत, तिन्हींचं उत्तर सारखं नाही.

कुकी मॉन्स्टरची गोष्ट अफवा आहे. २००५ मध्ये ‘कुकी कधी कधी खायची’ अशा अर्थाचं गाणं आलं आणि त्याचं नाव बदलून ‘व्हेजी मॉन्स्टर’ ठेवल्याची आवई उठली. नाव बदललं नाही, कुकी सुटली नाही. पुढे २०१३ च्या सुमारास त्याच्याकडून ‘थांबायला शिकणं’ हा धडा करून घेतला, आणि आमच्या मते ही या मालिकेच्या अलीकडच्या काळातली सर्वांत चतुर निवड. अधाशी पात्रानेच थांबायला शिकायचं म्हटल्यावर गंमत आणि धडा एकाच जागी येतात.

एल्मोचं कारण मुलांच्या वयात आहे. मालिका १० नोव्हेंबर १९६९ ला सुरू झाली ती तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. नव्वदीच्या दशकापर्यंत दोन वर्षांची मुलंही मोठ्या संख्येने बघू लागली होती, आणि तासाच्या शेवटच्या टप्प्यात त्यांचं लक्ष उडायचं. म्हणून १९९८ मध्ये शेवटची पंधरा मिनिटं ‘एल्मोज वर्ल्ड’ला दिली: एकच विषय, एकच पात्र, रोज तोच क्रम. जुन्या रचनेत अनेक तुटक तुकडे असत, कारण टीव्हीच्या जाहिरातींना मुलं खिळतात हे निर्मात्यांनी हेरलं होतं. २००२ मध्ये उरलेला भागही सलग, लांब तुकड्यांकडे वळला. मात्र एल्मो स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘एल्मो’ म्हणतो, ते दोन-तीन वर्षांच्या मुलाला जवळचं वाटतं आणि पाच वर्षांच्या मुलाला बाळबोध. इथे तुमची नाराजी निव्वळ आठवणीपोटी नाही. वरच्या वयाचा प्रेक्षक खरोखरच थोडा सुटला.

अर्धा तास झाला २०१६ मध्ये, एचबीओशी करार झाल्यावर. लहान मुलाला अर्धा तास पुरतो, त्यामुळे लांबीबद्दल आम्हाला फार दुःख नाही. पण त्या करारानुसार नवे भाग आधी पैसे भरून बघायच्या एचबीओवर आणि नऊ महिन्यांनी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर येऊ लागले. ज्या मुलांसाठी मालिका जन्मली त्यांनी नऊ महिने थांबायचं! ती व्यवस्था २०२५ मध्ये संपली. पण तक्रार करायचीच होती तर याची.

आता ‘किंमत’. ही मालिका जुन्या गमतीला कधी हात लावते, हे स्नफीच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. स्नफलपॅगस नावाचा अवाढव्य केसाळ प्राणी फक्त बिग बर्ड या मोठ्या पक्ष्याच्या पात्राला दिसायचा. मोठी माणसं आली की तो नेमका निघून गेलेला असे. चौदा वर्षं हा विनोद चालला आणि मोठ्यांना तो फार आवडे. पण बाललैंगिक अत्याचारांच्या बातम्या वाढल्या तसा निर्मात्यांना प्रश्न पडला: मूल खरं सांगतंय आणि मोठं माणूस विश्वास ठेवत नाही, हे आपण रोज हसत दाखवतोय का? नोव्हेंबर १९८५ मध्ये सगळ्या मोठ्यांनी स्नफीला पाहिलं आणि विनोद कायमचा मिटला. चाहते हळहळले असतील. निर्णय योग्यच होता.

आणि जिथे जुन्या पात्राचा मान राखायचा तिथेही हिशेब मुलाचाच. दुकानदार मिस्टर हूपर करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुसरा नट घेता आला असता, किंवा हूपर दुसरीकडे राहायला गेले म्हणता आलं असतं. त्याऐवजी ‘ते मेले, परत येणार नाहीत’ हे सरळ शब्दांत सांगायचं ठरलं. ‘झोपले’ म्हणायचं नाही, नाहीतर मूल झोपायला घाबरेल. आजारपण, दवाखाना आणायचं नाही, नाहीतर ताप आला की मूल धसका घेईल. हा भाग २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला, म्हणजे मुलाच्या प्रश्नांना घरात मोठं माणूस हजर असेल.

जुन्या मालिकांच्या नव्या आवृत्त्या मुलांसाठी निघतात की आमच्या खिशासाठी? – एक बाबा

दोन्हीसाठी, आणि त्यात गैर काही नाही. मोठ्यांना दिलेली खूण मुलाच्या वाट्याचं काही खाते का, एवढंच पाहायचं. फ्रेड रॉजर्स सूत्रधार असलेली ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ १९६८ ते २००१ चालली. २०१२ मध्ये आलेल्या ‘डॅनियल टायगर्स नेबरहुड’मध्ये नायक आहे त्या मालिकेतल्या जुन्या वाघाच्या बाहुलीचा मुलगा, अंगात रॉजर्ससारखाच लाल स्वेटर, आणि ट्रॉलीही तीच. मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, तर मुलाला फक्त लाल कपड्यातलं वाघाचं पिल्लू दिसतं. त्याचं काही अडत नाही. वर प्रत्येक भागात एक छोटं गाणं असतं, रागावल्यावर किंवा निरोप घेताना काय करायचं ते सांगणारं. अगदी थोडक्या शब्दांचं, म्हणून घरात ऐनवेळी म्हणता येतं.

‘ब्लूज क्लूज’वाल्यांनी आणखी शहाणपणा केला. २००२ मध्ये मालिका सोडून गेलेला सूत्रधार स्टीव्ह याने सप्टेंबर २०२१ मध्ये मोठ्या झालेल्या प्रेक्षकांशी थेट बोलणारी छोटी चित्रफीत केली आणि ती समाजमाध्यमांवर आली. मोठ्यांचा हळवेपणा मोठ्यांच्या जागी.

बिघडतं कुठे? वर्धापनदिनाचे भाग, ज्यांत अर्धी पात्रं ‘आठवतं का तेव्हा’ करत बसतात. असा पाहुणा, ज्याचं नाव माहीत नसेल तर प्रसंगात हसण्यासारखं काहीच उरत नाही. आणि उपरोध! चार वर्षांच्या मुलाला शब्दाचा सरळ अर्थ कळतो. ‘वा, काय हुशार आहेस’ हे टोमण्याने म्हटलं तर ते कौतुकच ऐकतं. ‘सेसमी स्ट्रीट’ने पहिल्यापासून मोठ्यांसाठी विडंबनं केली, तीही मुद्दाम, कारण पालक शेजारी बसला तर मूल जास्त शिकतं. पण त्या विडंबनात बाहुलीची धडपड स्वतंत्रपणे हसवते. मूळ कलाकृती माहीत असण्याची अट नसते. ऑस्ट्रेलियाच्या ‘ब्लूई’चे सात मिनिटांचे भागही असेच बांधलेले आहेत: मुलाला खेळ दिसतो, पालकाला खेळून खेळून दमलेला बाप.

ऍनिमेशन शिकतो आहे. चार वर्षांच्या मुलांसाठी ‘लांब-आखूड’ या विषयावर आठ मिनिटांचा भाग करायचा आहे. तो जमला की नाही हे आधी कसं तपासू? – एक विद्यार्थी

पहिली गोष्ट, उद्दिष्ट कृतीच्या रूपात लिहा. ‘लांबीची ओळख होणे’ असं लिहिलंत तर तपासणार काय? ‘मूल दोन काठ्यांची एक टोकं जुळवून लांब कोणती ते सांगेल’ असं लिहा. या वयाची मुलं ज्या काठीचं टोक पुढे आलंय ती लांब समजतात, टोकं जुळवत नाहीत. तुमच्या गोष्टीतली अडचण नेमकी याच चुकीतून निघाली पाहिजे. उदाहरणार्थ, ओढ्यावर टाकायला पात्राने ‘पुढे आलेली’ फळी उचलली आणि ती अपुरी पडली.

पूर्ण ऍनिमेशन करण्याआधी स्थिरचित्रं आणि तात्पुरत्या आवाजावर कच्चा भाग बनवा. ‘ब्लूज क्लूज’चा प्रत्येक भाग प्रसारणापूर्वी तीनदा मुलांसमोर जायचा, आणि सुरुवात चित्रांच्या पुस्तकासारख्या कच्च्या रूपापासून व्हायची. तयार झालेलं ऍनिमेशन फेकवत नाही, कागद फेकवतो.

लक्ष मोजायला ‘सेसमी स्ट्रीट’चे संशोधक एडवर्ड पामर यांची पद्धत आजही चालते. टीव्हीशेजारी एक स्लाइड प्रोजेक्टर, त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवं चित्र. प्रत्येक टप्प्याला मुलाची नजर टीव्हीवर आहे की चित्रावर, एवढंच टिपायचं. आज प्रोजेक्टरऐवजी दुसरा पडदा लावा. आठ मिनिटांचे चौसष्ट टप्पे होतात. आठ-दहा मुलं एकेकटी बसवा, ‘होय’ची बेरीज करा आणि आलेख काढा. आलेख जिथे कोसळतो तिथलं दृश्य उघडून बघा. बहुतेक वेळा तिथे दोन मोठी पात्रं उभी राहून बोलत असतात. ‘सेसमी स्ट्रीट’चंही हेच झालं होतं. बाहुल्या आणि माणसं एकत्र आणली तर मुलांचा गोंधळ होईल, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. म्हणून १९६९ च्या उन्हाळ्यातल्या चाचणी-भागांत गल्लीत फक्त माणसं होती. बाहुल्यांचे तुकडे आले की मुलं बघायची, गल्ली आली की नजर दुसरीकडे. सल्ला बाजूला ठेवून गल्लीत राहणारी बिग बर्ड आणि ऑस्कर ही बाहुली-पात्रं घडवली गेली. ‘द मॅन फ्रॉम अल्फाबेट’ नावाची गुप्तहेराची मालिकाही याच चाचणीत आपटली आणि काढून टाकली गेली.

पण आलेखावर भाळू नका. १९७९ च्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला खोलीत खेळणी दिली, दुसऱ्याला नाही. खेळण्यांच्या गटाने निम्म्याच्या आसपास वेळ पडद्याकडे पाहिलं, तरी समज दोन्ही गटांची सारखी. महत्त्वाचं ऐकू आलं की मुलं मान वर करत होती. म्हणून समज वेगळी तपासा. आधी खुला प्रश्न, ‘काय काय झालं?’. मग भागातली चार चित्रं क्रमाने लावायला द्या. शेवटी भागात नसलेल्या वस्तू, दोऱ्या किंवा रिबिनी, वाकड्यातिकड्या ठेवून लांब कोणती ते विचारा. न बघितलेल्या तेवढ्याच मुलांनाही हेच काम द्या, नाहीतर आधीच येणाऱ्या गोष्टीचं श्रेय भागाला जाईल. ‘आवडलं का?’ हा प्रश्न वाया जातो; या वयाची मुलं होच म्हणतात. आणि विचारणारा मुलाच्या समोर बसू नये, कारण उत्तर त्याच्या चेहऱ्यावर शोधलं जातं.

निकाल वाईट आला तर? १९९२ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ने स्नफीच्या आईवडिलांच्या घटस्फोटाचा पूर्ण भाग तयार केला. चाचणीत दिसलं की आईबाबा भांडले म्हणजे घटस्फोट होणार, असं मुलांना वाटतंय. भाग कपाटात गेला, प्रसारित झाला नाही. तुमचा तर अजून कागदावर आहे.

दीड वर्षाच्या बाळाला कोणती मालिका सुरू करू? – एक आजी

कुठलीच नको. पडद्यावर दाखवलेली कृती या वयाची बाळं समोरच्या माणसाने दाखवलेल्या कृतीपेक्षा खूपच कमी उचलतात, आणि ही उणीव साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत टिकते. अमेरिकन ऍकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये दिलेल्या सल्ल्यात अठरा महिन्यांखाली व्हिडिओ कॉल सोडून पडदा टाळायला, आणि दोन ते पाच वर्षांसाठी चांगल्या कार्यक्रमांचा दिवसाला एक तास अशी मर्यादा ठेवायला सांगितलं होतं. तुम्ही बाळाला व्हिडिओ कॉलवर दिसता तेव्हा त्याच्या हसण्याला हसून उत्तर देता. मालिका देत नाही.

मला जुने भाग मुलीला दाखवायचे आहेत. काही काळजी घ्यावी का? – आणखी एक जुना प्रेक्षक

‘सेसमी स्ट्रीट’च्या सुरुवातीच्या भागांचा संच २००६ मध्ये डीव्हीडीवर निघाला तेव्हा निर्मात्यांनीच त्यावर सूचना घातली होती की हे भाग मोठ्यांसाठी आहेत, आजच्या लहान मुलांच्या गरजांना ते जुळतीलच असं नाही. त्यावर बरीच थट्टा झाली. पण पहिल्याच भागात गॉर्डन हा मोठा माणूस नवख्या छोट्या मुलीला गल्लीभर फिरवून सगळ्यांच्या ओळखी करून देतो, आणि एका जुन्या विडंबनात कुकी मॉन्स्टर पाईप ओढून तो खाऊनही टाकतो. हे सगळं आज चाललं नसतं. घाबरण्याचं कारण नाही, शेजारी बसण्याचं आहे.

पूर्ण तास लावू नका. जुनी रचना तुकड्यांची आहे, तिचा फायदा घ्या: अक्षर, आकडा किंवा बाहुल्यांचा एकेक तुकडा, दोन-तीन मिनिटांचा, एका बैठकीत तीन-चार. मोजणीची गाणी आणि ‘यातलं वेगळं कोणतं’सारखे खेळ आजही तितकेच चालतात. गल्लीतली लांब संभाषणं मुलीला रटाळ वाटतील. तिथे तिची नजर हलली की पुढे न्या, तुमचा आवडता प्रसंग असला तरी. ‘मी तुझ्याएवढा असताना’ हे भाग चालू असताना सांगू नका, कारण तेव्हा ती दोन गोष्टी एकाच वेळी ऐकत असते. संपल्यावर सांगा. तिला दुसऱ्या दिवशी तोच तुकडा हवा असेल तर तो लावा. नको असेल तर तुम्ही एकटे बघा.